शंभर बटणांचा कोट

१

बटणताईचं खरं नाव इमारतीत कोणाला ठाऊक असलंच तर ते खालच्या काकूंना, आणि त्यांनाही ते दारावरची पाटी येताजाता वाचून पाठ झालेलं. बाकी सगळ्यांसाठी ती बटणताई. कारण तिचं काम. गावातला एक जुना शिंपी, ज्याला सगळे कोटमास्तर म्हणत, तो शिवून तयार झालेले कोट तिच्याकडे पाठवायचा आणि ती त्यांना हाताने काजं करून, बटणं लावून परत द्यायची. मशीनवर काज मिनिटभरात होतं. हाताच्या काजाला पाऊण तास लागतो. कापडाला चीर द्यायची, चिरेच्या कडेला जाड दोरा धरायचा आणि त्यावर गाठीला गाठ लावत जायचं, गोल फिरून पुन्हा सुरुवातीला यायचं. एका कोटाला सहा, कधी आठ, कधी दहा. काळ्या कोटावर काळा दोरा. करून बघा म्हणजे कळेल.

या कामात डोळे अडकतात, बोटं अडकतात, पण डोकं मात्र रिकामं राहतं. अकरा वर्षं बटणताईने ते रिकामं डोकं हाताला येईल त्याने भरलं. रेडिओने, खिडकीखालच्या भांडणांनी, नणंदेने सहा वर्षांपूर्वी मारलेल्या टोमण्याला काय उत्तर द्यायला हवं होतं याच्या तालमींनी. तालमी इतक्या झाल्या की टोमणा काय होता तेच ती विसरून गेली.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी वेताची खुर्ची, आणि मागे, भिंतीवरच्या दिव्याखाली, कामाचं बुटकं स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड होता. कोणी बसलं की ते त्या पायावर कलायचं आणि टक् असा आवाज व्हायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. वीस-वीस मजल्यांच्या लिफ्ट सरळ चालवायचा, पण घरातल्या स्टुलाचा पाय काही त्याच्याने सरळ झाला नव्हता. "रविवारी बघतो," तो म्हणायचा. असे कैक रविवार गेले.

आणि मुलगी. नऊ वर्षांची. सतत काही ना काही उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. ती पावणेचारला शाळेतून यायची.

मोबाईल घरात आला तो कोटमास्तरांमुळेच. पूर्वी मास्तर कोटाच्या खिशात चिठ्ठी घालून पाठवायचे, "पुढे दोन, बाहीला चार-चार". मग त्यांच्या सुनेने त्यांना फोटो पाठवायला शिकवलं आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. बटणताईने फोटो बघण्यापुरता मोबाईल घेतला. फोटो बघून झाल्यावर बोट जरा वर सरकवलं तर खाली एक माणूस दगडी अंगणावरची शेवाळ पाण्याच्या फवाऱ्याने धूत होता. काळं अंगण पट्ट्यापट्ट्यांनी पांढरं होत होतं. तिने ते पूर्ण बघितलं. मग त्याच्याखालचं बघितलं.

सुरुवातीला हिशोब सरळ होता. एक काज झालं की एक व्हिडिओ, स्वतःला शाबासकी म्हणून. मग एका काजाला पाच. मग किती, ते मोजणंच सुटलं. स्टुलावर बसून बघायला मान दुखायची, म्हणून ती खिडकीपाशी खुर्चीत बसायला लागली. खोलीकडे पाठ, पायांवर ऊन.

"एवढं काय बघत असतेस गं?" खालच्या काकूंनी एकदा दारातूनच विचारलं.

बटणताई आठवायला लागली. तासभर बघत होती, पण काही केल्या आठवेना.

"एक माणूस शेवाळ धूत होता," ती शेवटी म्हणाली.

"मग?"

"मग धुतली."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. "मला काळजी लागून राहिली असती."

दोघी खूप हसल्या. पण हसून दार लावल्यावर बटणताई परत खुर्चीतच जाऊन बसली. मजा येत होती असंही नव्हतं. कंटाळा जात होता असंही नव्हतं. आधी कंटाळ्याला काठ तरी होता. आता तो पसरला, पातळ झाला आणि बोटाखालून वाहत राहिला, एवढंच.

२

करड्या रंगाच्या एका कोटाची सहा काजं राहिली होती. गुरुवारी द्यायचा होता. मंगळवारी दुपारी दोन वाजता कोट स्टुलावर घडी करून ठेवला, सुईत दोरा ओवला, सुई स्टुलाच्या गादीत खोचली आणि "पाचच मिनिटं" असं स्वतःलाच सांगून ती खुर्चीत टेकली.

मान वर केली तेव्हा पायांवरचं ऊन भिंतीवर गेलं होतं. सव्वापाच.

ती दचकून उठली, कारण पोरीला दार कोणी उघडलं? पण मुंगी जमिनीवर पोटावर पडून वहीत रंग भरत होती. शाळेचे कपडे बदललेले. दुधाचा पेला धुऊन पालथा घातलेला.

"कधी आलीस गं?"

"कधी म्हणजे? रोजच्यासारखी," मुंगी मान वर न करता म्हणाली.

स्टुलावर कोट होता. घडी बदललेली होती. बटणताईने उलगडून बघितला. सहापैकी चार काजं झाली होती.

आता तिच्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं? तिला वाटलं तेच. अकरा वर्षांचा हात, झोपेतसुद्धा चालेल. रोजच्या रस्त्याने घरी येताना माणसाला रस्ता आठवत नाही, तरी तो घरीच येतो, शेजाऱ्याच्या घरात शिरत नाही. तसंच झालं असेल. आपण मधेच उठलो असू, काम केलं असेल, पोरीला दूध दिलं असेल, पुन्हा येऊन बसलो असू. डोकं दुसरीकडे होतं, एवढंच.

उरलेली दोन करायला ती दिव्याखाली बसली. टक्. पहिल्या गाठी घालून तिने शेजारच्या काजाशी पडताळून बघितलं, रांग सारखी येते का ते.

बटणताई डावखुरी होती. डाव्या हाताने काज करणाऱ्याच्या गाठी एका बाजूला कलतात, उजव्या हाताने करणाऱ्याच्या दुसऱ्या. बाहेरच्याला कळणारही नाही, पण या कामातल्या माणसाला ते अक्षरासारखं ओळखू येतं. झालेल्या चारही काजांच्या गाठी उलट्या बाजूला कललेल्या होत्या.

तिने कोट दिव्याजवळ नेला. मग खिडकीजवळ नेला. मग उरलेली दोन काजं मुकाट्याने केली आणि कोट पिशवीत घातला.

३

"ताई, काय जादू केलीत?" कोटमास्तर भिंगातून बघत म्हणाले. "अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमचा डावा हात दिसला नाही. ही दोन मात्र जुन्या वळणाची आहेत. बाकीची चार, वा! एवढ्या बारीक गाठी माझ्या वडिलांच्या हातच्या बघितल्या होत्या."

"प्रयत्न करून बघितला," बटणताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"असाच करत चला. उशिरा का होईना, सुधारणा आहे," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसून त्यांनी आणखी तीन कोट तिच्या हातात दिले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा झालं. मग एक दिवसाआड. मग रोज.

खरं सांगायचं तर बटणताईला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि पुढे तिला लागून राहिलं ते हेच. ती घाबरायला हवी होती. त्याऐवजी ती काम मांडून ठेवायला लागली. दोन वाजता कोट स्टुलावर, सुईत दोरा, मेणाचा खडा बाजूला, कात्री उजवीकडे. कात्री उजवीकडे कशाला, असं तिने स्वतःला विचारलं नाही. खुर्चीत बसायची, बोट वर सरकवायची. कोणी मांजराला शिकवत होतं, कोणी कपाट लावत होतं, कोणी नुसतंच रडत होतं. मागे कधीतरी टक् वाजायचं. ती वळून बघायची नाही. लिफ्ट, पाइप, वरच्या मजल्यावरचं कुणीतरी. इमारतीत आवाजांना काय तोटा?

पाच वाजता काम झालेलं असायचं. दूध दिलेलं असायचं. आणि मुंगी अशी टवटवीत दिसायची, जशी सुट्टीत आजोळहून आल्यावर दिसते.

४

"आजचं बटण फारच छोटं होतं," एका रात्री जेवताना मुंगी म्हणाली. "छत्तिसावं."

"कसलं बटण?" बापाने विचारलं.

"कोटाचं. आईच्या गोष्टीतल्या. शंभर बटणांचा कोट."

बटणताईच्या हातातला घास हातात राहिला. तिला गोष्ट सांगता यायची नाही. मुंगी लहान असताना तिने सांगितलेली सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे एक कावळा होता आणि तो उडून गेला. घरात त्यावरून अजून थट्टा व्हायची.

"तुझी आई आणि गोष्ट?" नवरा हसला. "कावळा परत आला वाटतं!"

"बाबा, तुम्ही ऐकलीच नाहीये. दुपारी चारला असते."

बटणताई सावरून म्हणाली, "सांग बरं बाबांना पहिल्यापासून. बघू तुझ्या लक्षात आहे का."

मुंगीने पेला बाजूला सारला आणि सांगायला लागली. एका माणसाच्या दारात कोणीतरी एक कोट ठेवून जातं. त्याला शंभर बटणं असतात. माणूस तो घालतो, आणि मग तो निघत नाही. रोज एकच बटण उघडायचं. घाई केली की उघडलेली सगळी पुन्हा लागतात. प्रत्येक बटणामागे काहीतरी असतं. पहिल्या बटणामागे विहीर होती. सातव्यामागे जिना होता आणि जिन्यावर कोणीतरी नुकतंच बसून उठलेलं होतं, पायरी गरम होती. एकोणिसाव्यामागे फक्त वास होता, सुट्टीनंतर उघडलेल्या शाळेचा.

"आणि आजच्यामागे?" बापाने विचारलं. तो जेवायचा थांबला होता.

"आज नुसता उजेडाचा एक टाका होता," मुंगी म्हणाली. "बास. उरलेलं उद्या."

"तुझ्यात हे कधीपासून लपलं होतं?" नवरा बायकोकडे बघून म्हणाला. पंधरा वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असं क्वचितच बघितलं होतं. ती ताटाकडे बघत राहिली. त्याचं ते बघणं तिच्यासाठी नव्हतंच.

५

सकाळी ती खाली गेली. साखर मागायला, असं निमित्त करून. काकूंना निमित्त लागत नाही, पण आपल्याला लागतं.

"काकू, दुपारी माझ्या घरातून काही आवाज येतो का हो?"

"येतो म्हणजे? रोज!" काकूंनी साखरेचा डबा बाजूलाच ठेवला. "चार वाजले की तुझं ते स्टूल वाजतं, टक्, आणि मग तू बोलायला लागतेस. मी चहा घेऊन इथे माझ्या खोलीत, बरोबर तुझ्या दिव्याखाली, खुर्ची टाकते. आता शब्द काही कळत नाहीत हां, मी काही कान लावून बसत नाही. पण आवाज! मी ह्यांना म्हटलं, या पोरीने गाणं शिकायला हवं होतं."

"कधीपासून?"

"दीड-दोन महिने झाले असतील. का गं? तोंड का असं उतरलंय? काम जास्त होतंय का?"

"नाही," बटणताई म्हणाली. "काम काहीच होत नाहीये."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. सगळं नाही, जमेल तेवढं. "अहो, मी दुपारी मोबाईल बघत असते. काजं मी करत नाही. गोष्टही मी सांगत नाही."

तो बूट काढत होता. त्याने एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी धरून बसला.

"कोट वेळेवर जातायत ना?"

"जातायत."

"पोरगी खूश आहे ना?"

"आहे."

"मग तूच करत असशील. आमच्याकडे लोक तक्रार करतात, साहेब, लिफ्ट आपोआप आमच्या मजल्यावर येऊन थांबते, दार उघडतं, आत कोणी नसतं. लोक घाबरतात. मी जाऊन बघतो, तर लिफ्टमध्ये बिघाड नसतो. कोणीतरी बोलावलेलं असतं तिला. बोलावून निघून गेलेलं असतं." त्याने दुसरा बूट काढला. "ती बिचारी येते."

त्याला धीर द्यायचा होता. दिवसभराचा थकलेला माणूस, सुचलं ते बोलला.

६

दुसऱ्या दिवशी तिने मोबाईल बंद केला आणि चिंध्यांच्या पिशवीत अगदी तळाशी घातला.

दोन वाजता ती स्टुलावर बसली. टक्. ती स्वतः बसली होती, तरी त्या आवाजाने तिच्या पाठीवर काटा आला. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान बोटात घालायला गेली तर ते सैल झालं होतं, तिच्या बोटाचा आकारच विसरल्यासारखं. पहिलं काज करताना कंटाळा असा अंगावर आला की तिला वाटलं आपण आजारी पडणार. गाठ, गाठ, गाठ. घड्याळात अडीच. अकरा वर्षं हे आपण केलं कसं? अंगठा मधेच आपोआप हलायचा, हवेतच काहीतरी वर सरकवायचा.

पण ती उठली नाही. तिला वाटलं, मोबाईल नाही तर दुसरं कोणी येणार नाही, आणि दुसरं कोणी आलं नाही तर पोरगी आपली आपल्याला परत मिळेल. एवढाच सगळा विचार होता तिचा.

पावणेचारला मुंगी आली. दूध पिऊन स्टुलापाशी जमिनीवर बसली, हनुवटी आईच्या गुडघ्यावर टेकवली. "हं. अडतिसावं."

"अडतिसाव्या बटणामागे," बटणताई म्हणाली, "एक मोठा… बगीचा होता."

मुंगी वाट बघत राहिली.

"त्यात फुलं होती. लाल. पिवळी."

"आणि?"

"आणि पक्षी."

मुंगीने हनुवटी उचलली. "आई, तू दमलीयेस का?" तिने अगदी मायेने विचारलं. "राहू दे. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी बटणताई तयारी करून बसली. सकाळभर जुळवलं होतं. माणूस कोट काढून ठेवतो आणि समुद्रावर जातो.

"तो कोट काढूच शकत नाही," मुंगी म्हणाली. "ते तूच सांगितलंस. तुला माहीत नाहीये का?" आणि आईकडे बघितलं. शाळेत नवीन बाई आल्या की पोरं बघतात, तसं.

तिसऱ्या दिवशी ती दूध पिऊन खाली काकूंकडे गेली आणि दिवे लागले तरी आली नाही.

चौथ्या दिवशी बटणताई काज करता करता रडली. आवाज न करता, कोटावर डाग पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. मास्तरांचा निरोप होता की जुनं वळण परत आलंय, गिऱ्हाईक कुरकुरतंय. डोळे पुसून वर बघितलं तर दारात मुंगी उभी. हातात मोबाईल. चिंध्यांचे दोरे अजून त्याला चिकटलेले होते.

"मी चार्ज केलाय," मुंगी म्हणाली. "पूर्ण."

"कोणी सांगितलं तुला?"

"आई, तू जरा मोबाईल बघ ना."

"का गं?"

मुंगी जवळ आली. तिने आईच्या मांडीवरचा कोट उचलला, नीट घडी केली, सुई गादीत उजव्या बाजूला खोचली. मग आईचा हात धरून तिला उठवलं.

"तू बघतेस तेव्हा तू छान असतेस," ती म्हणाली. "खुर्चीत बस. खिडकीकडे तोंड करून, रोज बसतेस तशी."

"मुंगे, मी खुर्चीत असते तेव्हा गोष्ट कोण सांगतं?"

"तू."

"पण मी तर खुर्चीत असते."

मुंगीने जरा विचार केला. अवघड गणित घातलं की ती अशीच एक डोळा बारीक करायची.

"हो," ती म्हणाली. "ती पण तूच."

७

बटणताईने ठरवलं ते त्या दोन पावलांत, स्टुलापासून खुर्चीपर्यंतच्या. बघायचं नाही. बघायचं सोंग करायचं. मागे टक् वाजलं की वळायचं, जे कोणी असेल त्याच्या समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ऊठ, ही माझी जागा आहे. मोठं भाषण नव्हतं. नणंदेसाठीच्या तालमींपेक्षा बरंच छोटं.

ती बसली. मोबाईल हातात धरला आणि बाजूची कळ दाबून धरली. पडदा काळा झाला. काळ्या काचेवर ती अंगठा वर सरकवत राहिली. एक. दोन. तीन. काचेत मागची खोली दिसत होती, अंधुक, विहिरीत बघावं तशी. दिव्याचा पिवळा ठिपका. त्याखाली स्टूल, त्यावर कोट. शेजारी जमिनीवर मुंगी, हनुवटी उचलून, कोणाचा तरी गुडघा यायची वाट बघत.

मोबाईल बंद आहे हे मुंगीला कळलं नाही. दुसऱ्या कोणालाही त्याने फरक पडला नसावा.

टक्.

आता वळायचं होतं. बटणताईच्या मानेला ते माहीत होतं, खांद्यालाही. काचेत स्टुलावरचा कोट उचलला गेला होता. तो आता मांडीवर होता. मांडी तिच्याच जुन्या निळ्या झग्यातली होती, जो आत दोरीवर वाळत होता. मुंगीची हनुवटी खाली टेकली. एक हात दिव्याच्या उजेडात आला, उजवा, बोटात अंगुस्तान, घट्ट बसलेलं. दोरा मेणावरून ओढल्याचा बारीक आवाज आला. खांद्याच्या वरचं काही काचेत मावत नव्हतं. काच जराशी तिरकी केली असती तर मावलं असतं.

"अडतिसाव्या बटणामागे," आवाज म्हणाला, "एक खोली होती."

आणि काय सांगावं! काकू खोटं बोलत नव्हत्या. बटणताईचाच आवाज होता तो, पण दळण, बिलं, मास्तर, नणंद यांतलं काही कधी त्याच्या वाट्याला न आलेला. चार दिवस गाठी मोजून मोजून कोरड्या पडलेल्या तिच्या डोक्यात तो पाण्यासारखा शिरला.

"खोलीत काय होतं?" मुंगीने विचारलं.

"खिडकी होती. खिडकीपाशी एक बाई बसली होती, पाठ करून. तिच्या हातात एक काळी काच होती."

"तिचं तोंड दिसत होतं?"

"नाही."

"माणसाने तिला हाक मारली?"

"मारली. दोनदा."

"मग ती वळली का नाही?"

सुई कापडातून गेली. गाठ बसली. पुढची गाठ बसली.

"आधी तिला कंटाळा आला होता, म्हणून नाही वळली," आवाज म्हणाला. "मग सवय झाली, म्हणून नाही. आता…"

जिन्यावर सपाता वाजल्या. खालच्या काकूंच्या; त्या सपाता इमारतीत कोणीही ओळखेल. दार नुसतंच लोटलेलं होतं आणि काकूंना दार वाजवायची सवय नव्हती. "अगं पोरी, तुझी साखर चार दिवसांपासून माझ्याकडेच…" असं म्हणत त्या आत आल्या.

आणि तिथेच थांबल्या.

बटणताईने काच हलवली नाही. कोपऱ्यात काकूंचा पदर तेवढा दिसत होता, आणि पदराशी धरलेली वाटी. त्यांच्या समोर, चार पावलांवर, दिव्याखाली स्टूल होतं. त्यांच्या डावीकडे, खिडकीपाशी, खुर्ची. काकूंची मान एकदा स्टुलाकडे गेली असावी, एकदा खुर्चीकडे, कारण पदर एकदा इकडे हलला आणि एकदा तिकडे. वाटीतली साखर थोडी जमिनीवर सांडली. ते ऐकू आलं.

विचारा ना, काकू, बटणताई मनात म्हणाली. तुम्ही सगळ्यांना सगळं विचारता. हे काय आहे, विचारा. एकदा मला नावाने हाक मारा, पाटीवरच्या.

काकूंनी वाटी दाराशी जमिनीवर ठेवली. त्या मागे सरकल्या आणि दार बाहेरून हळू ओढून घेतलं. खटका बसला. सपाता जिन्यावरून खाली गेल्या, सावकाश, आवाज होऊ नये म्हणून जपत.

"कुठे होतो आपण?" आवाजाने विचारलं.

"ती बाई," मुंगी म्हणाली. "ती वळणार होती."

"हो," आवाज म्हणाला. "वळणार होती."

खुर्चीत बटणताई पुढचं ऐकायला श्वास धरून बसली, आणि तिचा अंगठा काळ्या काचेवरून पुन्हा एकदा वर सरकला.